टिपीची ट्रायल

१ डिसेंबर, रविवार
नासिर सरांनी आज स्वतः सांगितलं. जानेवारीत आम्ही ससाणे घेऊन वाळवंटात शिकारीला जातो, तूही ये उस्मान, इन्शाल्ला. सेक्शनमधले आणखी तिघं तिथे उभे होते, पण सर बघत माझ्याकडे होते. मार्चमध्ये डॉक्युमेंटेशनच्या सीनियरची जागा रिकामी होतेय. याचा त्याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. फक्त लिहून ठेवतो.

ठरलं : त्यांच्या मोठ्या तंबूत पाहुण्यासारखं लोळायचं नाही. लायसन्स त्यांचं, शिकार त्यांची. मुक्काम मात्र आपला, जीपपासून लांब, पाठीवरच्या बॅगेतला.

५ डिसेंबर, गुरुवार
तंबू ठरला. टिपी. मध्ये एकच खांब, खाली तळ नाही, वजन आमच्या मोठ्या कुकरपेक्षा कमी. आत घडीचा टायटॅनियमचा स्टोव्ह आणि छतातल्या भोकातून बाहेर जाणारा धुराचा पाइप. डोंगरात चालत जाऊन हरणं मारणारे लोक हाच वापरतात. व्हिडिओत बाहेर बर्फ पडत होता आणि तो माणूस आत बनियनवर बसला होता.

हमिदाने विचारलं, इथे कतारमध्ये बर्फ कुठाय? तिला उघड्या वाळूतली जानेवारी माहीत नाही. म्हणाली, दोन रजया न्या. रजई घेऊन शिकारीला गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

इनायाने फोनमधून मान वर न काढता इंग्लिशमध्ये सांगितलं की अब्बांनी आजवर कोंबडीसुद्धा धरलेली नाही. हिच्या शाळेत मोठ्यांचा आदर शिकवत नाहीत.

१९ डिसेंबर, गुरुवार
पार्सल आलं. हॉलमध्ये तंबू उभा केला. टाइल्समध्ये खुंट्या ठोकता येईनात, म्हणून दोऱ्या सोफ्याला आणि फ्रिजला बांधल्या. फ्रिजचं दार आपोआप उघडत राहिलं. एरवी तंबू मजबूत.

पुस्तिका वाचली. लाल अक्षरांत : पाइपशिवाय स्टोव्ह पेटवू नये, वरची झडप बंद करू नये, विस्तव पेटता ठेवून झोपू नये. सगळं वकिलांनी लिहिलेलं. हमिदाने ते पान वाचायला मागितलं. दिलं नाही. विनाकारण घाबरते.

३ जानेवारी, शुक्रवार
पुढच्या शुक्रवारी ट्रायल. हमिदा बरोबर येणार. म्हणाली, मला हौस नाही, पण तुम्हाला एकटं सोडायची भीती वाटते. मी हे कौतुक समजतो.

लाकूड की कोळसा यावर विचार केला. लाकडाचा धूर होतो. पेटलेल्या कोळशाला धूर नाही. धूर नाही म्हणजे त्रास नाही. हमिदा म्हणाली, रत्नागिरीला कोळशाची शेगडी बंद खोलीत नेली की तिचे वडील ओरडायचे. शेगडी वेगळी, टायटॅनियम वेगळं, हे तिला दोनदा समजावलं. भाजी चिरायला उठून गेली. पटलं असावं.

१० जानेवारी, शुक्रवार
दुपारी. इनायाला अबू हमूरला मजीदकडे, म्हणजे हमिदाच्या भावाकडे सोडलं. मेसईदच्या पुढे वाळूत आलो आहोत. हाकेच्या अंतरावर एका कतरी कुटुंबाचा कॅम्प आहे. थोडं लांब जायचं म्हणत होतो, हमिदा ऐकेना. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून पुरल्या. खड्डे हमिदाने काढले, जागा मी दाखवल्या.

मगरिबच्या नमाजानंतर. वारा सुटलाय. पाइप खडखडतो, दोनदा निसटला. शेवटी काढून ठेवला. कोळसे लालबुंद, धुराचं नाव नाही. भोकात हमिदाची ओढणी कोंबली, वरची झडप लावली, खालून वारा शिरत होता म्हणून कडेने वाळू लोटली. ती म्हणाली, आता हवा कुठून येणार? मी म्हटलं, आहे तेवढी दोघांना पुरते.

थोड्या वेळाने. बनियनवर बसलोय. अगदी व्हिडिओसारखं. हमिदा विचारते, आपण दोघंच असे शेवटचे कधी बसलो होतो? आठवेना. निकाहनंतर लगेच मी इकडे आलो, मग ती आली ती इनायाला कडेवर घेऊन. छान वाटतंय.

नंतर. तिचं डोकं दुखतंय. चहा झाला नाही ना. माझंही थोडं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

नंतर. बाहेर चला म्हणते, पण उठता येत नाही म्हणते. खड्डे काढल्यामुळे. म्हटलं जरा पड. लगेच पडली. एरवी कधी ऐकत नाही.

नंतर. पेन नीट चालत नाही. हमिदाला हाक मारली. हूं पण नाही. झोपली. बरं झालं. आपणही जरा गरम छान आहे आणि

११ जानेवारी, शनिवार. हॉस्पिटल
असं झालं म्हणतात. हमिदाला कशीबशी जाग आली. रांगत जाऊन तिने चेन उघडली, बाहेर उलटी केली. मग परत आत गेली आणि मला पाय धरून ओढत बाहेर काढलं. गाडीचा हॉर्न दाबून धरला. शेजारच्या कॅम्पमधले लोक धावत आले, त्यांनीच इथे आणलं.

डॉक्टर शैलजा सोलापूरच्या निघाल्या. मराठीतच बोलल्या. पाइप का काढला, विचारलं. वाऱ्याचं कारण सांगितलं. म्हणाल्या, आणखी थोडा वेळ आत राहिला असतात तर दोघंही उठला नसतात. बोलण्याची पद्धत जरा कडक आहे.

माझा मास्क काढला. हमिदाचा अजून आहे. नर्सने विचारलं, ही बाई परत आत का गेली? मीही हमिदाला विचारलं, बाहेर आली होतीस, मग परत का आलीस? तिने मास्क थोडा बाजूला केला आणि म्हणाली, चावी तुमच्या खिशात होती.

मास्क परत लावला. डोळे मिटून घेतले. डोळ्याच्या कडेला पाणी होतं. ऑक्सिजनमुळे येतं.

१५ जानेवारी, बुधवार
सोमवारी घरी आलो. तंबू कंपनीला रिव्ह्यू लिहायला बसलो : डिझाइन डोंगराचं आहे, वाळूत चालत नाही. अर्धा लिहून झाला. हमिदाने हाक मारली म्हणून उठलो, ते राहिलं.

मजीद येऊन तंबू घेऊन गेला. जपून ठेवायला दिलाय, असं मी धरून चालतो. इनाया तर दोन दिवस आईच्या कुशीतून हलली नाही. माझ्याशी बोलते, पण फक्त हो आणि नाही, आणि तेही मराठीत.

हमिदाला उभं राहिलं की अजून चक्कर येते. भात मी केला. मधला भाग घेतला तर चांगला झाला होता.

२४ जानेवारी, शुक्रवार
सकाळी नासिर सरांचा फोन. गाडी वक्रा मेट्रो स्टेशनला येतेय, सेक्शनमधले सगळे निघालेत, यल्ला, चल लवकर. मोठा तंबू आहे, गाद्या आहेत, इलेक्ट्रिक हीटर आहे, काही आणू नकोस.

म्हणजे निमंत्रण खरं होतं. फक्त सगळ्यांना होतं.

सांगितलं, घरी काम आहे. कसलं, विचारलं. पाणी गळतंय म्हटलं. बरं, पुढच्या वर्षी, म्हणाले. ठीक आहे. प्रमोशन शेवटी ऑफिसच्या कामावर होतं.

जुम्म्याहून आलो तर हमिदा झोपली होती. बघितलं. बाहेर आलो. परत आत जाऊन बघितलं. फार शांत झोपली होती. नाकापाशी हात धरला.

डोळे न उघडता म्हणाली, जिवंत हाय ओ, जा तिकडे.

खिडकी बघायला आलो होतो, म्हटलं. उघडीच ठेवा, म्हणाली. उघडीच ठेवली. खुर्ची इथेच आणून बसलोय. हॉलमध्ये लिहायला उजेड पुरत नाही.