सोनचाफ्यावरची काजळी

३ फेब्रु. ३५
शाळेतून आले तर बंगल्याचे मालक ओट्यावर. मुंबईहून आजच्यापुरते. आमच्या खोल्यांपुढचा सोनचाफा दाखवून म्हणाले, "बाई, हे झाड संपलं. मेमध्ये मंडळी हवा खायला येतील, तेव्हा हे काळं ध्यान दारात नको. तोवर सुधारलं तर ठीक, नाहीतर तोडायचं." ह्यांनी लावलेलं झाड. हे जाऊन चार वर्षं झाली. आत येऊन रडले.

४ फेब्रु.
पानांवर नुसती काजळी. ओल्या फडक्यानं निघते, खाली पान हिरवं. म्हणजे संपलेलं नाही! हात पोचला तेवढी पुसली. शाळेला उशीर.

११ फेब्रु.
पुन्हा काळी. कळ्याही काळ्या पडून गळतात. नुसती चिडचिड.

१२ फेब्रु.
तिकोणा पेठ गावाहून तूप विकायला येणारे आबा आले. डहाळी वाकवून बघितली.
"काळं पुसून काय व्हनार, बाई? ह्या देठावरच्या खपल्या बगा. किडं हायती. त्यांचा चिकटा गळतो, त्याच्यावं काजळी धरती. आन् मुंग्या त्यांची राखन करत्यात."
"मग मुंग्यांचं काय करू?"
"त्या हितं कशापायी येत्यात, ते बगा आदी."

१३ फेब्रु.
पूजा आटोपून पंचामृत नेहमीसारखं चाफ्याच्या बुंध्याशी ओतायला गेले. ह्यांची पद्धत, देवाच्या स्नानाचं कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. ह्यांच्यामागे एक दिवस चुकवला नाही. दूध, साखर, मध. वाटी तिरकी केली आणि मुंग्यांची रांग दिसली, बुंध्यापासून पार वरपर्यंत.
मीच. चार वर्षं मीच.
वाटी परत आणली. तीर्थ पिऊन टाकलं.

२० फेब्रु.
काथ्यानं खपल्या खरवडल्या. तंबाखू उकळून, साबण घालून ते पाणी मारलं. बुंध्याला एरंडेलात भिजवलेली चिंधी. मुंग्या तिथवर येतात, परत फिरतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाळंतिणीसारखं बांधलंत की झाडाला!" खूप दिवसांनी हसले. सकाळी वाटी घेऊन उगाच दारापर्यंत जाते अजून.

१७ मार्च
नवी पालवी आली. स्वच्छ! जुनी पानं काळी ती काळीच.

२९ एप्रिल
मालकांचं पत्र. परवा येतायत, लाकूडतोड्याला सांगून ठेवा म्हणे. झाड अर्धं हिरवं, अर्धं काळं. वरच्या फांदीला एकच कळी, पिवळी. परवापर्यंत उमलेल का, कोण जाणे.
सकाळी रिकामी वाटी घेऊन झाडाशी गेले. "तुमची पद्धत मोडली, रागावू नका," म्हटलं. मोठ्यानंच. काकूंनी ऐकलं असणार.
लाकूडतोड्याला निरोप दिलेला नाही.