ह्यांच्या जागेवर प्रकाश

४ जानेवारी १९८६, खालापूर
पुन्हा गेलं. दुसऱ्यांदा. पुण्याच्या डॉ.बाईंनी ह्यांचं बीज नळीनं आत सोडलं होतं, राहिलंही होतं. दोन महिनेही टिकलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पोराचा रिपोर्ट तर चांगला हाय." म्हणजे खोट माझ्यात.

१९ जाने.
धाकट्या जावेच्या, सुमनच्या मुलाचं नाव ठेवलं विहारात. वंदना झाली. बाळ हातोहात फिरलं, माझ्यापाशी आलं तोच सुमननं "भूक लागली त्याला" म्हणून उचललं. नुकतंच पाजलं होतं. शहाणी! हिला पहिल्याच वर्षी, काही न करता. जळते मी तिच्यावर. इथं तरी खरं लिहावं.

२ फेब्रु.
पुणे. ह्यांच्या खिशात तोच रिपोर्ट, ज्याला त्याला दाखवायचा. डॉ.बाईंनी काम विचारलं. रसायनीला, केमिकल प्लांटवर. मग त्या म्हणाल्या, संख्या चांगली आहे, पण प्लांटवरच्या रसायनांनी बीजाच्या आत बिघाड झाला असला तर गर्भ धरतो आणि टिकत नाही. ते बघायची तपासणी इथं नाही. खात्री देत नाही, पण तीन महिने प्लांटपासून लांब राहा, मग परत सोडू. येताना ह्यांनी रिपोर्ट पिशवीच्या तळाशी घातला. मला मात्र हलकं वाटलं.

२३ फेब्रु.
ह्यांना गोदामात बदली मिळाली. घरी सांगितलं, गुडघे दुखतात. मला बजावलंय, खरं कुणाला कळता कामा नये.

९ मार्च
जागा रिकामी झाली की घरचाच माणूस लावायचा, कंपनीत असंच चालतं. ह्यांनी धाकट्या भावाचं नाव दिलं. प्रकाश लागला. सुमननं पेढे वाटले. ह्यांना म्हटलं, त्याला सांगा तरी. म्हणाले, "त्याला पोर हाय की."

२१ एप्रिल
सुमनला आता मुलगी हवीय. लगेच! नळावर विचारत होती, "ताई, खरं सांगा, दादांनी येवढी चांगली जागा का सोडली?"
"गुडघे," मी म्हटलं.
बरं वाटलं म्हणताना. मग दिवसभर जेवण गेलं नाही.

२२ मे
उद्या पुणे. सुमन प्रकाशचे कामाचे कपडे धूत होती, वास ओटीपर्यंत. म्हणाली, "या टायमाला ऱ्हाईल बघा ताई. मी हाय ना, तुमाला काडी उचलू देनार नाय." अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण आधी माझं राहू दे. माझं राहिलं की सांगेन तिला.