सीलबंद पिंपात राहिलेली वरची कवळी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. अबकारी निरीक्षक साहेब,
वाइनरी देखरेख कक्ष, ग्रामीण मंडळ,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : वेलमळा वाइनरीतील सीलबंद पिंपातून माझी वरची कवळी काढून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयात मी समक्ष केलेली तोंडी विनंती (ती कोणासही समजली नाही).

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी सेवानिवृत्त ग्रंथपाल असून पत्नी यमुनाबाई हिच्यासह औरंगपुऱ्यात राहतो. हा अर्ज आपल्याकडे करावा की आणखी कोणाकडे, याची मला अजून खात्री नाही. चुकीच्या टेबलावर आला असल्यास क्षमा असावी, परंतु कृपया फाडू नये.

१. गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची सहल गंगापूर रस्त्यावरील वेलमळा वाइनरी पाहण्यास गेली. मी मद्य कधी घेतलेले नाही आणि जाणारही नव्हतो. परंतु पत्नीची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. "तुम्ही जाऊन या आणि चव कशी असते ते मला सांगा. नुसतं 'बरी होती' म्हणायचं नाही," असे तिने बजावले, म्हणून गेलो.

२. जाण्यापूर्वी मी या विषयावरील दोन पुस्तके वाचली. जाणकार लोक घोट गिळत नाहीत, तोंडात घोळवून जोराने थुंकतात, असे त्यांत होते. चाखण्याच्या टेबलावर त्यासाठी स्टीलचे उंच भांडे ठेवलेलेही होते. मंडळातील बाकी सर्वांनी सरळ पिऊन टाकली. मी एकट्यानेच पुस्तकाप्रमाणे केले. जोर जास्त झाला आणि वरची कवळी भांड्यात गेली.

३. त्याच वेळी सांगायला हवे होते. पण समोर अनोळखी महिला होत्या. मी तोंडावर रुमाल धरला आणि तसाच तळघर, लाकडी पिंपे, बाटल्या भरण्याचे यंत्र पाहत, मान डोलावत फिरलो. परत आलो तेव्हा भांडे उष्ट्या वाइनच्या पिंपात रिकामे झाले होते आणि आपले एक कर्मचारी त्या पिंपावर लाख ओतून सरकारी सील लावत होते. मी दोनदा हात वर केला. त्यांना मी नमस्कार करतो आहे असे वाटले. त्यांनीही केला.

४. शेवटी मी व्यवस्थापिका मोनिका मॅडम यांना चिठ्ठी लिहून दाखवली. त्या हसल्या नाहीत, हे मी विसरणार नाही. "काका, तुमची कवळी आता सरकारजमा झाली हो. मी सील तोडलं तर उद्या माझ्या दाराला सील लागेल," असे त्या म्हणाल्या. ते पिंप मार्चअखेर आपल्यासमोर उघडून ओतून देणार आहेत, असे कळते.

५. म्हणून मी आपल्या कार्यालयात आलो. दातांशिवाय माझे बोलणे कसे ऐकू येते हे मला तोवर ठाऊक नव्हते. आपले लिपिक श्री. शिवराज यांनी तोंडाजवळ नाक आणून वास घेतला आणि "बाबा, आधी उतरू द्या, मग या," असे सांगून मला बाकावर बसवले. त्यांचा दोष नाही. त्या कार्यालयात असे बोलणारे बहुधा त्याच कारणाने येत असावेत. मी संध्याकाळपर्यंत बसलो आणि घरी गेलो.

६. महोदय, खाण्याचे काही नाही, पेज चालते. मी रोज दुपारी पत्नीला वाचून दाखवतो. तिचा उजवा कान गेला आहे आणि डावाही आता फार दिवस साथ देणार नाही. जे ऐकवायचे ते आत्ताच ऐकवा, असे कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. एक मोठी कादंबरी निम्म्यावर आली आहे. मी वाचू लागलो की ती म्हणते, "हे वाचन आहे का कुकरची वाफ?" शेजारच्या सुलेखाताईंनी वाचून पाहिले. त्या फार भराभर वाचतात. "बाई, तुझी गाडी सुटतेय का?" असे पत्नीने विचारल्यावर त्या पुन्हा आल्या नाहीत. नवी कवळी होईल, पण हिरडी झिजल्यामुळे पावसाळा उजाडेल. तोवर तो कान राहील असे कोणी म्हणत नाही. वाइनची चवही मी तिला अजून सांगू शकलेलो नाही.

७. तरी मार्चअखेरची वाट न पाहता आपल्यासमक्ष पिंप उघडावे. हात मी घालीन. कवळी एव्हाना जांभळी झाली असेल, माझी हरकत नाही. तिला चिकटून एक थेंबही आवाराबाहेर जाणार नाही. ती तिथेच धुऊन, पुसून, आपण पाहिल्यावर तोंडात बसवीन. तशी हमी लिहून देतो.

८. नियमात हे बसत नसेल तर आपल्या कार्यालयातील, शब्द सुटे उच्चारणारी कोणीही एक व्यक्ती दुपारी तासभर आमच्या घरी पाठवावी. श्री. शिवराज यांचा आवाज खणखणीत आहे, तेही चालतील. पत्नीच्या डाव्या कानाशी बसावे. पान मी उलटीन.

आपला नम्र व तूर्त अबोल,
(सही)
व्यंकटराव नारायणराव सेलूकर
औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
दि. १२ फेब्रुवारी

सोबत :
१) खालच्या कवळीचे छायाचित्र (वरचीची ओळख पटावी म्हणून).
२) कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
३) घराचा पत्ता व खुणा. बेल बंद आहे. दार उघडेच असते, सरळ आत येऊन मोठ्याने नाव सांगावे.