बक्षिसाच्या स्की आणि सुतारपक्षी

हिंटरबाख,
रविवार, प्रार्थनेहून आल्यावर

तीर्थस्वरूप दाजींस,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना, जुन्याला आणि नव्याला, धाकट्या मेहुण्याचा वेगवेगळा नमस्कार. नवा गुडघा रुळला का? बुर्गीताईचा रक्तदाब कसा आहे? ती अजून चौथ्या मजल्याच्या खिडकीतून ट्राममधल्या माणसांना हात करते का? (तिला सांगा, इन्सब्रुकमध्ये अनोळखी माणसांना हात करत नाहीत. इथे हिंटरबाखमध्ये मी हल्ली ओळखीच्यांनाही करत नाही. कारण पुढे येईल.) इकडे आम्ही ठीक. हेडविगची कंबर थंडीत धरते, पण जीभ मोकळी आहे. यंदा बर्फ उत्तम पडलंय, माणसं मात्र दिवसेंदिवस बिघडत चालली आहेत.

तुम्ही ऑक्टोबरात तळघरातलं स्कीदुरुस्तीचं दुकान बंद करून इन्सब्रुकला गेलात, त्यानंतर तुमचं एकही पत्र नाही. तुमच्या निरोपाच्या जेवणात मी त्या सुतारपक्ष्याबद्दल काहीतरी बोललो होतो, असं हेडविग म्हणते. मला नीट आठवत नाही. विनोद असावा. तुम्ही सूप अर्धं टाकून उठलात ते गुडघा दुखत होता म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

असो. पत्राला कारण असं की जानेवारीत अग्निशमन दलाच्या नाचाला मी सोडतीची पाच तिकिटं घेतली. तिसरं बक्षीस अर्धं डुक्कर होतं, धुरावलेलं, आणि माझा सगळा जीव त्यात होता. मला मिळालं पहिलं बक्षीस, एक जोडी नव्या स्की. अर्धं डुक्कर गेलं आमच्या व्याह्यांकडे, गेबहार्डकडे. (तुम्ही त्यांना लग्नात पाहिलंय. फोरारलबर्ग प्रांताचे. लेकाच्या मागोमाग इथे राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली, पण अजून पाव कापताना चकत्या मोजतात.) मी तोंडभर हसून व्यासपीठावर गेलो, फोटो काढून घेतला आणि खाली उतरल्यावर बघतो तर काय, स्की नागव्या. नुसत्या फळ्या. बूट अडकवायचे चापच नाहीत. ज्या दलाला बक्षीस पुरं देता येत नाही ते आग तरी पुरी विझवत असेल का, हे मी दलप्रमुखाला तिथल्या तिथे विचारलं.

तरीही मी त्या घेतल्या, कारण माझी जुनी जोडी, तुम्हीच तीस वर्षं सांभाळलेली, उतारावरच्या देवळीजवळच्या दगडावर गेली. वीतभर लोखंडी कड उचकटून निघाली. आणि एकोणीस मार्चला, संत योसेफाच्या सणाला, गावची शर्यत आहे. यंदा आजोबा-नातवंडांच्या जोड्या आहेत, दोघांच्या वेळा मिळवून निकाल. आमच्या व्रोनीनं नोव्हेंबरातच वर्गात सांगून टाकलंय की ती माझ्याबरोबर उतरणार. नऊ वर्षांची आहे, पण वळणं अशी घेते की मला पत्रात लिहिता येत नाही. आता तुम्हीच सांगा, मी उतरलो नाही तर तिला दुसरा आजोबा कोण उरतो? बरोबर. पाव मोजणारा.

म्हणून मी चाप बसवून, कडांना धार आणि तळाला मेण लावून देणारं एखादं विश्वासाचं दुकान शोधायला निघालो. पहिलं गाठलं रोपवेच्या तळाशी, जिथे पूर्वी बेकरी होती. आता सगळी काच. कॉफीचं यंत्र धार लावायच्या यंत्रापेक्षा मोठं. केसांचा अंबाडा घातलेला एक बाप्या पुढे आला आणि मला अरे-तुरे करायला लागला. हजार मीटरच्या वर सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, ही आपली रीत मला मान्य आहे. पण ते दुकान नऊशे ऐंशी मीटरवर आहे. मी एकतीस वर्षं पोस्टाची बस त्या हजार मीटरच्या पाटीवरून नेली, पाटी कुठे आहे ते मला कोणी शिकवू नये. तसं मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, ‘‘रागावू नकोस रे, आधी सांग, तुझं आणि बर्फाचं नातं काय?’’ मी म्हटलं, मी ते फावड्यानं उपसतो. मग मी जुने चाप दाखवले, हेच नव्या स्कींवर बसव म्हटलं. त्यानं त्यांचा फोटो काढला. मित्रांना बोलावून दाखवला. कंपनीच्या यादीतून हे चाप कधीच गेले, आता त्यांना हात लावायची परवानगी नाही, संग्रहालयात देऊन टाक, असा सल्ला दिला. ज्या चापांनी मला तीस वर्षांत एकदाही दगा दिला नाही, त्यांच्याविषयी हा अंबाडा असं बोलतो. मी कॉफी न घेता बाहेर पडलो. (फुकट होती. त्यावरून माझा संताप ओळखा.)

दुसरं दुकान खाली तालुक्याच्या गावात. ते दुकान नव्हेच, गुरांच्या बाजाराएवढा मांडव. खाटकाकडे मिळतो तसा नंबराचा कागद हातात देतात आणि उभं करतात. तिथे झक मारत नवे चाप विकत घेतले. संगणकाच्या पडद्यासमोरच्या मुलीनं मान वर न करता वय, उंची, वजन, बुटाच्या तळाची लांबी आणि मी सावकाश उतरतो की जोरात, हे सगळं विचारलं. चाप किती घट्ट आवळायचा ते यावरून ठरतं म्हणे. मी आपले नेहमीचे आकडे सांगितले. तिनं ते टिपले, वर दहा दिवसांनी या म्हणाली. तुम्ही कधी मला काही विचारलंत का दाजी? मी पायऱ्या उतरून यायचो, स्की ठेवायचो, तुम्ही माझ्याकडे एकदा चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, ‘‘उद्या ये.’’ त्याला काम म्हणतात.

तर दहा दिवसांनी स्की घेऊन मी वर गेलो. तिसऱ्याच वळणावर, काही कारण नसताना, डावा चाप सुटला. मी बसलो बर्फात आणि स्की एकटीच निघाली. मला वाटलं कुंपणाला अडकेल, पण नाही, ती सरळ खानावळीच्या अंगणात गेली आणि गेबहार्डच्या टेबलाखाली थांबली. ते सूप पीत होते. मी एका पायावर खाली पोचेपर्यंत त्यांनी ती पुसून भिंतीला टेकवून ठेवली होती. ‘‘व्याही, स्की मघाशीच आली. तुम्ही सावकाश या, घाई नाही,’’ म्हणाले. आणि अंगणातली सगळी टेबलं हसली. तो मूग गिळून बसणारा आमचा पाद्रीसुद्धा.

मी मांडवात परत गेलो आणि आवाज चढवला. त्यांनी स्की यंत्राला लावल्या, यंत्रानं टक टक केलं, कागद बाहेर आला. यंत्राचं म्हणणं, चाप अगदी बरोबर लावलेत, मी दिलेल्या आकड्यांप्रमाणेच. एक जण कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘काका, एकदा वजन करून बघू या का?’’ दाजी, त्याच्या वयाची मुलं मी बसमधून उतरवली आहेत. मी काय वासरू आहे, भर बाजारात काट्यावर चढायला? मी त्याला विचारलं, तुझ्या यंत्राचा बाप कोण? तो म्हणाला, स्वित्झर्लंड. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्यांदा स्की निघाली ती शाळेची सहल उतारावर असताना. व्रोनीचा अख्खा वर्ग रांगेत उभा होता. मी तोंडावर पडलो, टोपी एकीकडे, मी एकीकडे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. व्रोनी एकटी माझ्याकडे सरकत आली, टोपी झटकून दिली आणि हळूच म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्हाला जमणार नसेल तर मी गेबहार्ड आजोबांना विचारून ठेवू का? तुम्हाला वाईट वाटणार नसेल तरच.’’ मला वाईट वाटलं नाही असं मी तिला सांगितलं. घरी येऊन मी दुपारचं जेवलो नाही. हेडविगनं क्नोडल, माझ्या आवडीचे पावाचे गोळे, केले होते, त्यावरून तुम्ही समजा.

तिसरं दुकान खिंडीपलीकडे, एका गोठ्यात. लोक म्हणाले तिथला माणूस हाताचा फार चांगला आहे. गेलो तर हॉलंडचा! ज्या देशात उतार बघायचा तर जिना बांधावा लागतो, त्या देशाचा माणूस टिरोलमध्ये येऊन आम्हाला स्की लावून देणार. नाव योरिस. डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा. आपली भाषा बोलतो ती गरम बटाटा तोंडात धरल्यासारखी. मी साक्षीदार म्हणून जुनी जोडी बरोबर नेली होती. त्याला म्हटलं, हे बघ आमच्या दाजींचं काम, तीस वर्षांत एकदा सुटलं नाही, आता याची नक्कल कर म्हणजे झालं. तो म्हणाला, मग जुने चाप खोलून बघतो. पेचकस घेतला, खोलायला लागला. त्यानंतर थोड्या वेळानं मी तिथून निघालो. काय झालं ते लिहिण्याजोगं नाही.

तात्पर्य काय, तर इथपासून ब्रेनरच्या खिंडीपर्यंत भरवशाचं एकही दुकान उरलेलं नाही. एक फोटो काढतो, एक आकडे टिपतो, एक नको तिथे खोलतो. मी आता ठरवलंय की त्या स्की कुंपणाला ठोकायच्या आणि त्यावर हेडविगच्या जिरेनियमच्या कुंड्या टांगायच्या. तुम्हाला हे कळावं, एवढ्यासाठीच पत्र. काही मागणं नाही.

ताईला नमस्कार. तुमच्या नव्या गुडघ्याला पुन्हा एकदा.

आपला, सगळ्या धंद्यावरून मन उडालेला मेहुणा,
रोमेड

ता.क. हेडविगनं पत्र वाचलं. म्हणते, गोठ्यातलं लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवणार नाही, आणि डिंकाची बाटली तिच्याकडे आहे. तर लिहितो. योरिसनं जुना चाप उचलला, तर त्याच्या खाली स्कीवर तुमचं अक्षर. न पुसणारी शाई. तीन ओळी. (माझे बूट तीनदा बदलले, तीनदा तुम्ही चाप सरकवलेत.) त्या हॉलंडवाल्यानं दोन्ही चष्मे लावून, गिऱ्हाइकांनी भरलेल्या गोठ्यात, एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं वाचलं:

‘‘म्हणतो ७८. आहे ८४.’’

‘‘म्हणतो ७८. आहे ८८.’’

‘‘म्हणतो ७८. देव जाणे. ९१ धरतो. डावा गुडघा जपणे.’’

हसले सगळे. मीही हसायला गेलो, पण त्या शेवटच्या तीन शब्दांशी मला बाहेर जाऊन नाक शिंकरायला लागलं. मी तुम्हाला कधी वजन सांगितलं होतं हेही मला आठवत नाही. पहिल्या वर्षी सांगितलं असेल. तुम्हाला खरा आकडा कुठून कळायचा? तळघराची तिसरी पायरी करकरते, त्यावरूनच ना? आणि तीस वर्षं एका शब्दानं बोलला नाहीत. मांडवातल्या लोकांनी मी सांगितलं ते खरं मानलं, आणि मी दोनदा तोंडावर पडलो.

ता.क. २. सुतारपक्ष्याचं मला सगळं आठवतं. निरोपाच्या जेवणात, सगळ्या गावासमोर मी म्हटलं होतं, ‘‘स्कीला चापाची भोकं काय, सुतारपक्षीही पाडतो.’’ ते मी परत घेतो. सगळ्या गावासमोर घेतो, हवं तर पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर, पाद्रीच्या शेजारी उभा राहून. तळघराची किल्ली आमच्याकडे आहे, तुमच्या कानशी आणि ड्रिल जिथल्या तिथे आहेत, दर पंधरवड्याला मी तेल देतो. गुरुवारी दुपारच्या बसनं निघालात तर मी थांब्यावर येईन. मला माझ्यावर विश्वास ठेवणारं दुकान नको दाजी, एक सापडलं, पुरे झालं. व्रोनीला मी सांगितलंय, गेबहार्ड आजोबांना विचारायला गुरुवारपर्यंत थांब. ती थांबते म्हणाली.

ता.क. ३. तुम्हाला पायरी ऐकायचा त्रास नको म्हणून वजन या वेळी स्वतःच लिहितो. ९१ धरलं होतंत, ते अगदी बरोबर आहे. तेच धरा.

कासियनभाऊजी, मी पाकीट चिकटवता चिकटवता लिहिते. ९६. आज सकाळीच याला धान्याच्या काट्यावर चढवलं. ताईलाही घेऊन या.
– हेडविग