काटा मधल्या रेघेवर

वारंगा फाटा,
१४ मे २००३

प्रिय प्रेमानंद,

जयभीम. ही पिकअप मला नेमकी कितीला पडली, ते परवा बसून मांडलं. घेतली पंच्याऐंशी हजारांना, हे तुला ठाऊकच आहे. अर्धी घासाघीस तूच केली होतीस. त्यानंतर पाण्याचे पंप दोन, पंख्याचे पट्टे सात, रेडिएटरची झाकणं चार, इंजिनाचं हेड एकदा घासून आणि एकदा नवं, एक उन्हाळा बोनेटशिवाय, आणि घरची हळद अंदाजे नऊ-दहा किलो. हळदीचं पुढं सांगतो. शिवाय एक मिस्त्री गेला. हा शेवटचा आकडा मी चार वर्षं मांडतच नव्हतो.

पण आधी चांगली बातमी. गाडी आता अशी चालते, की ती माझीच आहे हे बघणाऱ्याला पटत नाही. स्टिअरिंगसमोरच्या काट्याच्या डबीची काच धुरकट झाली होती, ती मी स्वतः खोलून आतून पुसून बसवली, आणि तेव्हापासून उष्णतेचा काटा मधल्या रेघेवर उभा आहे तो उभाच. मागच्या आठवड्यात हट्ट्याहून वीस पोती हळद भरून हिंगोलीच्या मोंढ्यात नेली. भर दुपार, मे महिना, तरी काटा जागचा हलला नाही. उकंडरावच्या हॉटेलसमोर मी गाडी मुद्दाम चालू ठेवून चहा घेतो, म्हणजे ज्याला काटा बघायचा त्यानं खिडकीतून बघावा. चार-पाच जण बघून गेले. उकंडराव म्हणाला, तातेराव, आता तुमी नांदेडात वर्कशॉप टाका. मी नाही म्हणालो नाही.

गाडी आणली तेव्हा आपण अजून परभणी जिल्ह्यात होतो, आठवतं? नांदेडच्या त्या कांदेवाल्याच्या दारात मी डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि सांगितलं, तिसरं सिलिंडर जरा खोकतंय, बाकी काळीज ठणठणीत. तू मात्र बोनेटखाली हात घालून दोन-चार ठिकाणी लावलास, ओली बोटं पँटला पुसलीस आणि म्हणालास, रेडिएटर झिरपून राहिलं. तेवढ्यावरून मी मालकाला पाच हजार खाली आणलं. मग फाट्यावर येऊन सगळ्यांना सांगितलं, की माझ्या कानांनी पाच हजार वाचवले. तू तिथंच उभा होतास, आणि नुसता हसलास.

आता कानांचा मला गर्व होता हे कबूल. पण का होता तेही बघ. शाळा चौथीपर्यंत, पुढं मोंढ्यात हमाली. पाठीवर पोतं, मान खाली, डोळ्यांपुढं फक्त लोकांच्या चपला. वर व्यापारी काय भाव बोलून राहिलेत ते कानांनीच टिपायचो. त्या कानांवर मी आधी हातगाडी घेतली, मग बैलगाडी, मग ही. पैसा माझा, मिस्त्रीकाम आणि चालवणं तुझं, अशी आपली भागीदारी ठरली तेव्हा तुझ्याकडं आयटीआयचा कागद होता, माझ्याकडं कान होते. मला वाटायचं कान वरचढ.

हळदीची गोष्टही कानांनीच आणली. गाडी घेऊन वर्ष झालं असेल. उकंडरावकडं दोन ट्रकवाले माझ्या पाठीमागच्या बाकड्यावर बसून बोलत होते. एक म्हणाला, रेडिएटर झिरपलं तर पाण्यात हळद टाकायची, छिद्र बुजतं. एवढं ऐकलं आणि मी उठलोच. हळद, आणि ती आपल्या भागात! तुला विचारावं असं वाटलं होतं, पण मग तू म्हणाला असतास की नको. म्हणून तू यायच्या आत, सकाळी, घरच्या डब्यातली एक मूठ टाकली. चमत्कार झाला, प्रेमानंद. झिरपणं बंद. तू खाली वाकून बघितलंस, बोट फिरवलंस आणि म्हणालास, नवलच हाय. मला इतका आनंद झाला की पुढच्या सोमवारी आणखी एक मूठ टाकली. एका मुठीनं एवढं होतं तर दुसरीनं गाडी जन्मभराची निरोगी होईल, असा माझा विचार. मग सोमवार चुकवलाच नाही.

घरात मंजुळाच्या लक्षात आलं. म्हणाली, एवढी हळद कोणत्या भाजीत चालली? मी म्हणालो, खोकला आहे, पाण्यातून घेतो. चूक झाली. त्या दिवसापासून तिनं मला अडुळशाचा काढा सुरू केला, सकाळ-संध्याकाळ, समोर बसून. गेल्या महिन्यापर्यंत मी बिनखोकल्याचा काढा प्यायलो आणि मधूनमधून थोडा खोकत राहिलो, कारण नाही खोकलं तर ती म्हणायची, गुण येऊन राहिला, आणखी वाढवते.

आणि मग गाडी तापायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवर, मग भरून उभी केली तरी. तू झाकण बदललंस, पट्टा ताणलास, पंप खोलून पाहिलास. पाणी तर पुरतं भरलेलं. मी इंजिनाला कान लावून कधी म्हणायचो पंख्याचा आवाज जड आहे, कधी म्हणायचो डिझेलमध्ये भेसळ आहे. तू मात्र पाइपांना हात लावत बसायचास. आता कळतं की त्या दुखण्याला आवाजच नव्हता.

एप्रिल नव्याण्णवचा तो दिवस मी कितीदा तरी दुसरीकडं वळवून बघितला आहे, तो वळत नाही. गाडीत अठरा पोती होती आणि तू एकटा हिंगोलीला निघाला होतास. कळमनुरीच्या पुढं वाफेचा लोट आला, गॅस्केट उडालं, हेड वाकलं. माल दुसऱ्याच्या टेम्पोत गेला, तोही दोन दिवसांनी, पडलेल्या भावात. बाजाराचा दिवस होता. उकंडरावचं हॉटेल भरलेलं. तू आत आलास, तेलानं माखलेला, आणि मी तुला बसही म्हणालो नाही. मी काय बोललो ते तुला तोंडपाठ असेल, तरी लिहितो, कारण तुला तसं बोललो हे मी आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही. मी म्हणालो, "ह्यानं गाडी कोरडी पळवली. आयटीआयचा कागद रेडिएटरमध्ये घालून बघा रे, त्यानं तरी थंड होती का." लोक हसले. मला ते हसू तेव्हा गोड लागलं.

तू आवाजही चढवला नाहीस. म्हणालास, "तातेराव, वरचा पाइप भाजून राहिला आन् खालचा थंड हाय. मधी काय अडकलं ते बघ." चावी चहाच्या बशीत ठेवलीस आणि गेलास. उकंडरावनं तुझ्यापुढं ठेवलेला चहा तसाच होता.

नंतरची चार वर्षं तुला हसायला येईल अशी गेली. फाट्यापासून हिंगोलीपर्यंतचा एकूण एक हातपंप मला ओळखतो. कॅन घेऊन गेलो की बाया म्हणायच्या, आले पिकअपवाले, थांबा, आधी आमचे हंडे. रांगेत उभं राहून राहून मी त्या गावांतल्या सोयरिकींत पडलो, दोन जमवल्या. ड्रायव्हर चार बदलले आणि चौघांनाही कोरडी पळवली म्हणून बोललो. त्यातला थावरा जाताना म्हणाला, मालक, पाणी भरून भरून माझ्या हाताला घट्टे पडले, कोरडी कोण पळवते? उकंडरावनं दृष्ट काढायला सांगितली. लिंबू-मिरची आत, रेडिएटरजवळ बांधली, तर कळमनुरीपर्यंत लिंबू शिजलं. एकानं सांगितलं वारा लागला पाहिजे, म्हणून बोनेट काढून चालवली. फेटा काढलेल्या नवरदेवासारखी दिसायची, आणि तापायची तशीच. सोमवारची मूठ मात्र मी चालूच ठेवली होती. ती माझी सेवा होती म्हण ना.

गेल्या महिन्यात शेवटी हिंगोलीला रूपसिंगकडं गेलो. म्हातारा रेडिएटरचंच काम करतो, बाकी कशाला हात लावत नाही. त्यानं गाडी चालू करायला लावली, वरच्या पाइपाला हात लावला, खालच्या पाइपाला लावला, आणि मला तुझं शेवटचं बोलणं ऐकू आलं. तापलेल्या झारण्यानं डाख वितळवून रेडिएटरची वरची टाकी सोडवली. आत सगळ्या नळ्यांच्या तोंडावर पिवळाधमक थर, वडी पडावी तसा. त्यानं नखानं टोकरून वास घेतला. म्हणाला, माल चांगला हाय, सेलम हळद हाय ना? खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडून व्यापाऱ्यासारखं व्हय निघालं. मग म्हणाला, डाळ टाकली असती तर वरण झालं असतं.

त्याच्याकडूनच कळलं की रस्त्यात अडलं तर हळदीची चिमूट टाकायची आणि घरी पोचलं की सगळं पाणी काढून धुऊन टाकायचं. ते ट्रकवाले हेही बोलले असतील. मी तेवढ्यात उठलो होतो.

आता खरी गोष्ट. रूपसिंगनं विचारलं, ही टाकली कुणी? आणि प्रेमानंद, माझं तोंड माझ्याआधी बोललं. म्हणालो, पहिला एक मिस्त्री होता, त्यानं टाकली असंल. चार वर्षांनी, तू तिथं नसताना, कारण नसताना, मी तुला दुसऱ्यांदा बदनाम केलं. म्हाताऱ्यानं वर बघितलंसुद्धा नाही. थर खरवडत म्हणाला, "मिस्तरी टाकल तर चिमूट टाकल. एवढी टाकणारा मालकच राहते."

त्याचा पोरगा आणि शेजारचा टायरवाला, दोघंही हसले. ह्या वेळी ते हसू कसं लागतं ते कळलं.

घरी येऊन मंजुळाला सगळं सांगितलं. तिनं काढ्याचं पातेलं चुलीवरून उतरवलं. मग तिनं विचारलं, म्हणजे खोकला नव्हता? मी नाही म्हणालो. त्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, काढ्याचं माझं मी बघते, तुम्ही त्या भावजींचं बघा.

हे कान मात्र एका बाबतीत खरे ठरले. नांदेडहून येणारा जो कोणी फाट्यावर उतरतो, त्याच्याजवळ मी जरा रेंगाळतो. तुझ्या वर्कशॉपाचं नाव निघतं, तुझ्या हाताचं नाव निघतं. फाटा काहून सोडला असं कुणी विचारलं तर तू म्हणतोस, तिथली हवा मानवली नाही. चार वर्षं मी कान लावून आहे, तुझ्याकडून माझ्याबद्दल वाकडा शब्द एकदाही आला नाही. आला असता तर मला सोपं गेलं असतं.

तर पत्राचं कारण हे, की येत्या बाजाराला तू ये. जनकाबाई वहिनींनाही आण. त्याच हॉटेलात, त्याच बाकड्यावर बस. त्या दिवशी बोललो होतो त्याच आवाजात मी हळदीचं सगळं सांगणार आहे, सोमवार धरून. तुझ्या माघारी सांगता आलं असतं, पण बोललो होतो तुझ्या तोंडावर, आणि माघारी काय बोललो ते वर लिहिलंच आहे. लोक हसतील, हसू देत. चहा मात्र या वेळी पिऊन जा. पुढं पुन्हा भागीदारी करायची की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही. विचारलं तर नाही म्हण. आणि येताना तुझी पान्यांची पिशवी तेवढी आण. काल आमची राणी गाडीत राहिलेली माझी चप्पल आणायला गेली होती, तिनं येऊन विचारलं, बाबा, गाडी तर दोन दिवस बंद उभी आहे ना? मी जाऊन पाहिलं. इंजिन गार, चावी घरात खिळ्याला, आणि काटा मधल्या रेघेवर.

तुझाच,
तातेराव