उलटी घंटी

आबा, तुम्ही कधी न पाहिलेली तुमची नात आत्ता आकाशात आहे, स्वतः विमान चालवतेय आणि तिच्याशेजारी शिकवणारं कोणी नाही. एकटीनं लांब जायची तिची ही पहिलीच वेळ. मी सोलापूरच्या विमानतळावर, विमान शिकवणाऱ्या शाळेच्या हँगरच्या सावलीत बसून लिहितोय, कारण आज हात रिकामे ठेवणं जमत नाही. तिच्या विमानातला संकटाचा बीकन गेल्या आठवड्यात मीच बदलला. विमान आदळलं की हा डबा आपोआप हाका मारतो. जुन्याच्या हाका उपग्रह आता ऐकतच नाहीत. नवा मात्र विमान कोणतं आणि पडलं कुठं, दोन्ही कळवतो, आणि मग इथल्या ऑफिसातला फोन वाजतो.

जुना डबा काढताना मला सांगोल्याचा माळ आठवला. दुपारची वेळ, तुम्ही बाभळीखाली पटका तोंडावर घेऊन आडवे झालेले, शेळ्यांवर लक्ष ठेवायला मी. "घंटी वाजतीया तवर झोपू दे की मला," तुम्ही म्हणता, "गप झाली की उठीव." मलाच डुलकी लागते आणि जाग येते ती तुमच्या धपाट्यानं. शेळीच्या गळ्यातली घंटी केव्हाच गप्प झालेली. तुम्ही अनवाणी ओढ्याकडे पळत सुटता, मी रडत मागं. शेळी खडकांच्या फटीत अडकली होती, पण जिवंत होती. तिला खांद्यावर घेताना तुमचे हात कापत होते. तोवर मला वाटायचं, आमच्या आबांना भीती ठाऊकच नाही.

माझी घंटी उलटी आहे. ती गप्प आहे तोवर पोर सुखरूप. हे मला पक्कं कळतं, पण कान तुम्ही घडवलेले, त्यांना शांतता सोसत नाही. सकाळी पोरगी म्हणाली, "पप्पा, डबा तुमी बसवलाय न्हवं? मग कशाला काळजी करता?" त्यानं तर मला जास्तच धास्ती बसली. मघाशी ऑफिसातला फोन वाजला आणि मी धावत दारापर्यंत गेलो. कुणीतरी प्रवेशाची चौकशी करत होतं.

हे पत्र कुठं पाठवणार म्हणा. पण कुणाला न सांगितलेलं एक तुम्हाला सांगतो. त्या शेळीची घंटी मी अजून जपून ठेवली आहे. विमानानं जमीन सोडल्यापासून उजव्या हातानं लिहितोय आणि डाव्या हातानं खिशातली घंटी हळूहळू वाजवतोय. हँगरमधली पोरं विचारतायत, शेळ्या कुणी आणल्या. हात भरून आलाय, आबा, पण थांबवायची छाती होत नाही.