आप्पांचं नाव सगळ्यात वर

निमोणे, मंगळवार

ती. मारुतराव मामांना विक्रमचा दंडवत. गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? मामींचा राग उतरला का? इकडे सगळे खुशाल, मला तेवढं त्यात धरू नका. (फोन केला नाही, कारण तुमच्या फोनमधला आवाज तुमच्या अख्ख्या खुटबाव गावाला ऐकू जातो.)

तुम्ही आणलेलं सुलक्षणाचं स्थळ काल माझ्याच हाताने बुडत होतं. तिचे वडील हौसराव आप्पा आमच्या पाणीवापर संस्थेचे चेअरमन. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या मोबाईलवर दिसतील अशी वेबसाइट करून दाखव, मग सुपारीचं बोलू, असं त्यांनी सांगितलं होतं. केली. पण अट एकच, “माझं नाव सगळ्यात वर पायजे.” (गावात बारशाच्या फ्लेक्सवरही बाळापेक्षा आप्पा मोठे असतात.) नाव-फोटो वर घातला तर पाळ्या बघायला लोकांनी बोट किती सरकवायचं? म्हणून मी शहाणपणा केला. सर्व्हर पान पाठवण्याआधी हेडर म्हणून चार ओळी पाठवतो. त्या मोबाईलला कळतात, माणसाला दिसत नाहीत, आणि त्यात आपल्या मनाची ओळही घालता येते. काल सकाळी तिथे ‘प्रेरणास्थान: मा. हौसराव आप्पा’ घातलं आणि सांगितलं, पानाच्याही आधी तुमचं नाव पोचतं. आप्पा खूश.

पाणी सुटलं आणि पान उघडेना. एकाच्याही मोबाईलवर नाही! कालव्याच्या चारीवर चाळीस माणसं फावडी घेऊन उभी, पाणी सोडायच्या दारावर सत्तारभाई आणि ज्ञानू या दोघांचे हात, दोघेही म्हणतात पाळी माझी. “आरं, पाणी वढ्याला चाललंय, बघ की लवकर!” आप्पा माझ्या मानेवर. मामा, लॅपटॉप मांडीवर घेऊन बांधावरच बसलो. ज्ञानूचं फावडं वर गेलेलं मी पाहिलं. मग ध्यानात आलं, हेडरमध्ये मराठी अक्षरं सरळ चालतच नाहीत, आणि आप्पांच्या नावापाशी अडून सर्व्हरने सगळं पानच रोखून धरलं होतं. नाव काढलं. पान उघडलं. पाळी सत्तारभाईंची निघाली, फावडं खाली आलं. “नाव हाय न्हवं वर?” आप्पांनी विचारलं. आहे, म्हणालो.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा
विक्रम

ता. क. आप्पा परवा सुपारीचं ठरवायला तुमच्याकडे येतील. नावाचं विचारलं तर तुम्ही स्वतः पाहिलंय म्हणून सांगा.

आणखी एक. पाकीट चिकटवताना सुलक्षणाचा मेसेज आला. ती पुण्यात हेच काम करते, हे तुम्ही बोलला नव्हता. तिने हेडर उघडून बघितलं. नाव काढल्यावर त्या जागी मी रागाने इंग्रजी अक्षरांत ‘आप्पा, जरा खाली बसा’ लिहून चालतंय का ते पाहिलं होतं. ते काढायचं राहिलं. ती म्हणते, “आप्पांना सांगत नाही. पण लग्नपत्रिकेत माझं नाव तुमच्या वर पाहिजे.” तेव्हा मामा, पत्रिका तशीच छापून घ्या. लेक आप्पांचीच आहे, खात्री पटली.